क्रॉफर्ड मार्केट: आधी इमारत बघा, मग पेटी उचला

स्वस्त फळे मिळतील म्हणून क्रॉफर्ड मार्केटला जायचे असेल, तर ते कारण मार्च १९९६ मध्येच संपले. त्या वेळी घाऊक बाजार नवी मुंबईत वाशीला हलला आणि मुंबईच्या फळांचा भाव इथे ठरायचा बंद झाला. आता इथला फळवाला स्वतःच पहाटे वाशीचा माल उचलतो. त्याच्या भावात टेम्पोचे भाडे, हमाली, गाळ्याचा खर्च आणि निवडून लावण्याची मेहनत धरलेली असते. वाशीचा भाव डोक्यात ठेवून इथे घासाघीस करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

तरीही हा बाजार चुकवू नये. निवडक फळे, सुका मेवा, बेकिंगचे सामान आणि परदेशी डबाबंद वस्तू एका छपराखाली, चार दुकाने ताडून घेता येतील अशा मुंबईत फार कमी ठिकाणी मिळतात. शिवाय ते छप्परच बघण्यासारखे आहे. नाशवंत माल उन्हापावसात टिकावा म्हणून विचारपूर्वक बांधलेली ही वास्तू दीडशेहून अधिक वर्षे त्याच कामाला लागलेली आहे. जुन्या व्यापारी इमारती बहुतेक कार्यालये तरी होतात, नाहीतर हॉटेले. इथे अजून कांद्याची पोती उतरतात.

सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्याने उत्तरेला निघावे. डाव्या हाताला जे.जे. कला महाविद्यालयाचे आवार लागते, पुढे चौक, आणि चौकाच्या कोपऱ्यावर मनोऱ्याची ही इमारत. पायी दहा मिनिटे. हार्बरने येणाऱ्याला मशीद बंदरही जवळ पडते. गाडी आणू नये. लोकमान्य टिळक मार्गाच्या बाजूला मालाच्या गाड्या आणि हातगाड्या इतक्या असतात की गाडी लावायला जागा शोधण्यात खरेदीचा वेळ जातो. फळवाले सकाळी लवकर उघडतात, सुका मेवा आणि इतर दुकाने साधारण अकरानंतर. रविवारी बराचसा बाजार बंद असतो. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास. माल नुकताच लावून झालेला असतो, दुकानदाराला बोलायला सवड असते आणि आत उजेड चांगला असतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि रमजानच्या संध्याकाळी गर्दीत निवडून घेणे जमत नाही.

आत शिरण्याआधी समोरच्या पदपथावर पाच मिनिटे थांबावे. ही जागा बाजारासाठी का निवडली, ते तिथूनच कळते. दक्षिणेला फोर्ट, म्हणजे साहेबांच्या पेढ्या आणि कचेऱ्या. उत्तरेला मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर, म्हणजे देशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती. मध्ये मैदान आणि किल्ल्याचा कोट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तो कोट पाडला आणि दोन्ही शहरांच्या सांध्यावर मोकळी जमीन मिळाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले होते. जागा, पैसा आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकदमच जुळून आल्या. यांतले पाणी मंडईला सर्वांत जास्त लागते, कारण रोज धुतल्याशिवाय भाजी-मटणाचा बाजार महिनाभरात रोगाचे घर होतो.

आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ मध्ये मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त झाले. उघड्यावर, गटारांच्या काठी भरणारे बाजार बंद करून धुता येईल अशी एक मोठी मंडई उभारणे हे त्यांच्या कामांपैकी ठळक काम. १८६९ मध्ये ती सुरू झाली. त्यांनी पैसा सढळ हाताने खर्च केला, इतका की पालिकेच्या उधळपट्टीवर करदात्यांनी काहूर माजवले. त्याच रेट्यातून पुढे १८७२ चा पालिका कायदा आला आणि शहराच्या कारभारात निवडून आलेले सभासद बसू लागले. मंडईच्या फरशीवर उभे राहताना हे लक्षात असावे. मुंबईच्या मतदाराचा हक्क काही अंशी या खर्चाच्या भांडणातून आला आहे.

पाटीवरचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. या दोन नावांचा एक धागा फारसा कोणी सांगत नाही. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात, म्हणजे या मंडईपासून हाकेच्या अंतरावर, झालेल्या सभेत जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. त्याच १८८८ मध्ये क्रॉफर्ड मध्य विभागाचे आयुक्त म्हणून पुण्यात होते आणि हाताखालच्या मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून त्यांची चौकशी सुरू झाली. ते प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. लाचेचे आरोप चौकशी आयोगाने मान्य केले नाहीत, पण ज्यांच्यावर अधिकार चालवायचा त्यांच्याकडूनच उसनवारी केल्याचे सिद्ध होऊन त्यांना नोकरी सोडावी लागली. जोतीराव माळी समाजातले, फुलांचा व्यवसाय घरचा. शेतमाल पिकवणाऱ्याच्या पदरात बाजारात काय पडते, हा त्यांच्या लिखाणातला कायमचा प्रश्न. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना तिथल्या रे मार्केटच्या भव्य इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज पुण्याची ती मंडईही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बोलण्यात मुंबईकर अजून क्रॉफर्डच म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही तेच सांगावे लागते. पण नाव फुल्यांचे का शोभते, ते प्रवेशद्वारावरची शिल्पे बघितली की पटते. त्यांत राजा नाही, देव नाही. शेतकरी आहेत, राबणारी माणसे आहेत.

ही उठावशिल्पे जॉन लॉकवूड किपलिंग यांची. ते १८६५ मध्ये शेजारच्या जे.जे.मध्ये शिल्पकला शिकवायला आले. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचा मुलगा, ‘जंगल बुक’चा लेखक रुडयार्ड, तिथल्याच आवारात जन्मला. शिल्पे उंचावर, कमानीच्या आत आहेत आणि खाली रहदारी, म्हणून बहुतेक लोक मान वर न करताच आत जातात. कमानीच्या अगदी पायाशी उभे राहिले तर काही दिसत नाही. रस्त्याच्या पलीकडून, सकाळच्या तिरप्या उजेडात बघावे. दुपारी ऊन डोक्यावर आले की कमानीची सावली शिल्पांवर पडते आणि खोली हरवते.

वास्तुरचना विल्यम एमर्सन यांची. मंडई सुरू झाली तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. पुढे कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल त्यांनीच उभारले, पण त्या संगमरवरी डौलापेक्षा ही मंडई अधिक कामाची इमारत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भिंतींचा पिवळसर दगड कुर्ल्याच्या खाणीतला, त्यातले लाल पट्टे वसईच्या दगडाचे. दोन्ही जवळच्या खाणीतले, म्हणून इमारत परकी वाटत नाही. शैली मात्र युरोपची आहे: जाड नॉर्मन भिंती, टोकदार गॉथिक कमानी, वर फ्लेमिश धाटणीचे उतरते छप्पर. घड्याळाचा मनोरा १२८ फूट, म्हणजे आजच्या बारा मजली इमारतीएवढा. बाजार किती लांबून दिसावा आणि वेळ किती लांबून कळावी, हा त्यामागचा हिशेब. मनगटावर घड्याळ नसलेल्या काळात हमाल, गाडीवान आणि गिऱ्हाईक सगळे त्या घड्याळावर चालत.

आता आत. मनोऱ्याखालच्या मधल्या दालनात कारंजे आहे. ते सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेले, आणि मूळचे पिण्याच्या पाण्याचे. कोरीवकामाने भरलेले हे कारंजे कित्येक दशके कोरडे, मालाच्या खोक्यांनी वेढलेले आणि तैलरंगाच्या थरांखाली दबलेले राहिले. कोरीव दगडावर तैलरंग लावण्यासारखा अपराध नाही. दगडातला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते, तो आतल्या आत क्षार घेऊन साठतो आणि काही वर्षांनी रंगासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. नाकाची, बोटांची टोके आधी जातात. एकदा गेली की परत येत नाहीत.

मधल्या दालनातून दोन बाजूंना दोन पाखे फुटतात. मूळ आखणीत उजवा पाखा १५० फूट लांब आणि १०० फूट रुंद, फळे आणि फुलांसाठी. डावा ३५० फूट लांब, १०० फूट रुंद, भाजी, मसाले आणि बाकी किराण्यासाठी. म्हणजे दोन्ही मिळून पन्नास हजार चौरस फूट, आणि शंभर फूट रुंदीत मध्ये एकही आडवी भिंत नाही. हे जमले लोखंडामुळे. दगडाची भिंत फक्त बाहेरून, आत सगळा भार लोखंडी खांब आणि कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर. वारा या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ शकतो. म्हणूनच मटण-मासळी मूळ आराखड्यात या छपराखाली ठेवली नाही, ती मागच्या वेगळ्या इमारतींत गेली. वास आणि माशा फळांपर्यंत येऊ नयेत एवढा साधा विचार, पण आजच्या कितीतरी नव्या मंडयांत तो दिसत नाही.

छप्पर दुहेरी लोखंडी आहे. वरचा पत्रा उन्हाने तापतो, पण त्याच्या आणि खालच्या पत्र्याच्या मध्ये हवेचा थर आहे. तापलेली हवा हलकी होऊन वरच्या फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. पंख्याशिवाय चालणारी ही सोय. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता रस्त्यावरून आत आले की फरक अंगाला जाणवतो. प्रत्यक्षात किती गाळ्यांना तो मिळतो, ही मात्र वेगळी गोष्ट. वर पोटमाळे चढले, फटींवर कबुतरांसाठी जाळ्या आणि पावसासाठी ताडपत्री आली, प्रत्येकाने आपापल्या डोक्यावर प्लास्टिकचे छत बांधले की हवेची वाट बंद होते. मग फळवाला पंखा लावतो, पंख्यासाठी वायर ओढतो, आणि पत्र्याला टेकलेल्या लोंबत्या वायरींचे जाळे हाच अशा बाजारांतला आगीचा सगळ्यात मोठा धोका असतो. ज्या गाळ्यावर वरचा उजेड सरळ पडतो आणि डोक्यावर प्लास्टिक नाही, त्याचा माल दुपारनंतरही ताजा असतो. हा आडाखा सहसा चुकत नाही.

विजेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो इथे, १८८२ मध्ये. पुढे मंडईसह काही रस्त्यांवर दिवे लावायचा करार ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी झाला, पण वर्षभरातच कंपनी बुडाली आणि मंडई परत गॅसच्या दिव्यांवर आली.

पायाखालची फरशी बघायला विसरू नये. ती स्कॉटलंडच्या केथनेसची. खाणीत ताव उलगडावेत तशी थराथराने निघणारी ही फरशी भरीव असते, पाणी फारसे पीत नाही, आणि तिचा वरचा पोत थोडा खडबडीत असल्याने ओली असतानाही पाय चटकन घसरत नाही. रोज धुतल्या जाणाऱ्या, पाटीवाल्यांच्या अनवाणी पायांच्या बाजाराला हेच हवे. तिच्याजागी कुठे गुळगुळीत चकचकीत लादी दिसली तर तिथे पाऊल जपून टाकावे, विशेषतः पावसाळ्यात.

मूळ इमारतीची डागडुजी आणि मागच्या आवारातले नवे बांधकाम असे काम महापालिकेने अलीकडे हाती घेतले, त्यामुळे गाळ्यांच्या जागा इकडेतिकडे झाल्या आहेत. जुन्या ओळखीचा दुकानदार जागेवर दिसला नाही तर शेजाऱ्याला विचारावे. डागडुजी नीट झाली का, हे कोणालाही दोन खुणांवरून ओळखता येते. पहिली, दगडांच्या सांध्यातला मसाला. चुन्याचा मसाला पांढुरका, दगडापेक्षा मऊ असतो. ओलावा सांध्यातून बाहेर पडतो आणि दगड वाचतो. सिमेंटचा मसाला करडा आणि दगडाहून कडक. ओलावा मग दगडातून वाट काढतो, आणि सांधा शाबूत राहून दगडच झडतो. दुसरी खूण, लोखंड दगडात जिथे रुतले आहे ती जागा. गंजलेले लोखंड फुगते, मूळच्या कितीतरी पट जागा घेते आणि दगडाला आतून तडा देते. तिथे नुसता रंग मारून भागत नाही. लोखंड उघडे करून, गंज खरवडूनच काम करावे लागते.

आता खरेदी. मार्च ते मे या महिन्यांत इथे एकच फळ राज्य करते, तर त्याचेच आधी.

हापूसची लाकडी पेटी चार, पाच किंवा सहा डझनांची असते. पेटीचा आकार तोच, फळ मोठे तसे डझन कमी. म्हणून भाव विचारताना ‘पेटी कितीला’ असे न विचारता ‘कितवी पेटी, फळ किती ग्रॅमचे’ असे विचारावे. घरी खायला दोनशे ते अडीचशे ग्रॅमचे फळ सर्वांत बरे. तीनशे ग्रॅमच्या वरचे फळ दिसायला भारदस्त असते, पण त्यातच साका जास्त निघतो. साका म्हणजे गराच्या आत, कोयीजवळ होणारा पांढुरका, सपक, स्पंजासारखा भाग. बाहेरून फळ अगदी निर्दोष दिसते, कापल्यावरच कळते. झाडावर जास्त पक्व झालेले फळ, उतरवल्यावर तापलेल्या कातळावर उन्हात पडून राहिलेले फळ, हंगामाच्या शेवटच्या उकाड्यातले फळ, यांत त्याचे प्रमाण वाढते. दुकानदाराचा त्यात दोष असेलच असे नाही, पण डझनात दोन-तीन साके निघाले तर फळ बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी बोलून घ्यावे. इथले जुने दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला सहसा नाही म्हणत नाहीत.

पेटी उघडायला लावावी आणि वरचा थर काढून मधला बघावा. वरचा थर सजवलेलाच असतो. फळाचे खांदे देठाच्या दोन्ही बाजूंना वर आलेले आणि देठाशी छोटा खळगा पडलेला असला तर फळ झाडावर नीट तयार होऊन उतरले आहे. खांदे उतरते असतील तर ते कोवळे तोडलेले. असे फळ पिवळे होईल, गोड होणार नाही. देठाचा छोटा तुकडा राखून काढलेले फळ चांगले. देठ उपटला गेला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि कूज तिथूनच सुरू होते. मग वास. देठाशी नाक नेल्यावर वास आला पाहिजे, बोटाने दाबून बघू नये. दाबलेली जागा दोन दिवसांत काळी पडते, आणि ते फळ कोणीतरी विकत घेणार असते.

सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक, पण वास नाही, असे असेल तर ती घेऊ नये. अढीत पिकलेल्या पेटीत फळे कधीच एकदम तयार होत नाहीत. चार पिवळी, चार हिरवट, दोन मधली असतात. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे. नियंत्रित खोलीत इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे आणि ते अपायकारक नाही. हा फरक दुकानदाराला ठाऊक असतो. सरळ विचारावे आणि उत्तर देताना तो अडखळतो का ते बघावे.

मूळ गावाचा प्रश्न मोठा नाजूक. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते. कर्नाटकातूनही त्याच जातीचे फळ येते. ते खाण्यास वाईट नाही, पण त्याचा भाव वेगळा असला पाहिजे. पेटीवर छापलेले ‘देवगड’ किंवा खाली अंथरलेले कोकणातले वर्तमानपत्र हा पुरावा नव्हे. पेट्याही परत वापरल्या जातात आणि रद्दीही. एक फळ कापून मागावे. कोकणच्या फळाची साल पातळ आणि गर केशरी. साल जाड आणि गर फिकट पिवळा दिसला तर भाव त्या हिशेबाने करावा. कापून दाखवायला तयार नसलेल्या दुकानाहून पुढे जावे, दुकानांना इथे तोटा नाही.

सुक्या मेव्याच्या गाळ्यांवर घाई करू नये. काजूच्या पोत्यावर किंवा डब्यावर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे लिहिलेले असते. तो आकडा म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे काजू बसतात तो. म्हणजे आकडा लहान तसा काजू मोठा. ३२० नंबरचा अर्धा किलो घेतला तर त्यात साधारण ३३० ते ३५० दाणे यावेत. चारशेच्या वर निघाले तर तुम्हाला खालच्या प्रतीचा, लहान काजू दिला आहे. बर्फी किंवा वाटणासाठी पाकळी किंवा तुकडा घ्यावा. चव तीच आणि पैसे बरेच वाचतात. बदामात मामरा तेलकट, वळलेला, दिसायला ओबडधोबड आणि महाग असतो. कॅलिफोर्नियाचा सपाट, एकसारखा. मामऱ्यात एखादा कडू दाणा निघतो, ती त्याची खोट नव्हे, जात आहे. बेदाणा भडक सोनेरी आणि एकसारखा असेल तर तो गंधकाची धुरी दिलेला. तासगाव-सांगलीकडचा हिरवट पिवळा बेदाणा मिळाला तर तो बिनदिक्कत घ्यावा. अंजिराची माळ घेताना एक अंजीर फाडून आत बघावे, अळीचे जाळे बाहेरून दिसत नाही. अक्रोड आणि पिस्ता मात्र चावूनच बघावा. खवट झालेला अक्रोड दिसण्यावरून ओळखता येत नाही, आणि उघड्या पोत्यातला माल एप्रिलनंतर फार लवकर खवटतो. उन्हाळ्यात अक्रोड पाव किलोच्या वर घेऊ नये, आणि घरी आल्या आल्या फ्रीजमध्ये टाकावा.

केशर बंद डबीतलेच घ्यावे. काडी कोमट पाण्यात टाकल्यावर रंग हळूहळू पिवळा सुटला आणि काडी लालच राहिली तर ते खरे. टाकताक्षणी पाणी लाल झाले आणि काडी पांढरी पडली तर तो रंगवलेला धागा.

परदेशी चॉकलेट, चीज, सॉस यांच्या दुकानांत भाव मॉलपेक्षा बहुधा कमी असतो. पण पुडा उलटून बघावा. भारतात कायदेशीर आलेल्या मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत यांची चिकटपट्टी असावीच लागते. ती नसेल तर माल बॅगेतून आलेला आहे, आणि बिघडला तर दाद मागायला कोणी नाही. मुदतीच्या तारखेवर दुसरी पट्टी चिकटवली आहे का, तेही नखाने चाचपावे. चॉकलेटवर पांढुरकी साय दिसली तर ती बुरशी नसते. वितळून परत घट्ट झाल्याने वर आलेले ते कोकोचे तूप. खाऊन अपाय होत नाही, पण भेट द्यायला ते चॉकलेट गेले कामातून. मे महिन्यात दुपारनंतर चॉकलेट घेऊच नये. चीज घ्यायचे तर सगळ्यात शेवटी, निघताना, आणि सोबत बर्फाची पिशवी असेल तरच. उघड्या टेबलावर ठेवलेला ‘फ्रीजमध्ये ठेवा’ लिहिलेला डबा कितीही स्वस्त असो, नको.

पाळीव पक्ष्या-प्राण्यांचा बाजारही या मंडईला चिकटून वाढला. देशी पोपट, मुनिया किंवा नक्षीदार पाठीचे तारा कासव कोणी दाखवले तर तिथे थांबू नये. वन्यजीव कायद्याने त्यांची विक्रीही गुन्हा आहे आणि पाळणेही.

वजनकाट्यावर वैधमापन विभागाच्या तपासणीचा शिक्का असतो. तो बघावा, आणि पिशवी किंवा खोका ठेवल्यावर काटा शून्यावर आणायला सांगावे. सुक्या मेव्याच्या हजार रुपये किलोच्या भावात खोक्याचे चाळीस ग्रॅमसुद्धा चाळीस रुपयांना पडतात. सामान जास्त झाले तर पाटीवाला करावा, मात्र कुठपर्यंत आणि किती पैसे हे पाटी डोक्यावर चढण्याआधी ठरवावे. उगाच चार रुपयांसाठी ओढाताण करू नये. तीस किलो डोक्यावर घेऊन या गर्दीतून वाट काढणे सोपे नाही.

खरेदी संपल्यावर चौकापलीकडच्या १९०५ पासूनच्या बादशाहमध्ये फालुदा घेण्याची जुनी रीत आहे, ती पाळावी. कापडासाठी मंगलदास मार्केट आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ पायी पाच-सात मिनिटांवर आहेत, पण आंब्याची पेटी घेऊन तिकडे फिरू नये. तो फेरा आधी आटपावा.

पेटी घरी पोचली की त्याच दिवशी उघडावी. डिकीत किंवा बंद खोक्यात रात्रभर राहिली तर आतल्या उष्णतेने एक फळ सडते आणि शेजारच्या तीन-चारांना घेऊन जाते. पिकलेली फळे वेगळी काढून दोन दिवसांत संपवावीत. हिरवी फळे देठ खाली करून, एकमेकांना न टेकवता, पेंढ्यात एका थरात ठेवावीत, वर गोणपाट, जागा हवेशीर. रोज एकदा बघून तयार झालेली उचलावीत. अगदी हिरव्या फळांना आठ ते बारा दिवस लागतात. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नये. तेरा अंशांच्या खालच्या गारठ्यात त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते, साल काळवंडते आणि फळ आंबटच राहते. देठाजवळ बारीक सुरकुत्या पडल्या की समजावे, आजच कापायचा.